शेवभाजी कोण?

मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री तथा गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,



गिरणाकाठच्या एका तालुक्याच्या गावाहून हे पत्र लिहितो आहे. वीस-बावीस वर्षे इथे वार्ताहर आहे. तालुक्याचा वार्ताहर पगारी नसतो. बातमीमागे थोडे मिळते, जाहिरातीमागे टक्केवारी, आणि घर चालते ते झेरॉक्सच्या दुकानावर. लोकांना वाटते, दुकान आहे म्हणून याला कागद मिळतात. तसे काही नाही. झेरॉक्सला आलेला कागद वाचायचा नाही, हा धंद्याचा नियम मी बातमीदारीच्याही आधी शिकलो. माझ्याकडे येणारे कागद हातातून हातात येतात, बहुधा लग्नाच्या पंगतीत नाहीतर रसवंतीवर, आणि देणारा दोन मिनिटांत उठून जातो.

या देणाऱ्यांची नावे मी कुठेही लिहून ठेवत नाही. खताच्या कंपनीने दिवाळीला वाटलेली एक खिशातली डायरी आहे, तीत प्रत्येकाला एकेक पदार्थ देऊन टाकला आहे. कुणी भरीत, कुणी ठेचा, कुणी कळण्याची भाकरी, एक शेवभाजी. शेवभाजी स्त्रीलिंगी, ठेचा पुल्लिंगी, भरीत नपुंसकलिंगी; त्यावरून माणसाचा माग काढायला कुणी जाऊ नये, ही नावे भुकेच्या वेळी सुचलेली आहेत.

काही वर्षांपूर्वी, ऐन उन्हाळ्यात, शेवभाजीने मला तीन फोटो दिले. वाळूच्या वाहतुकीच्या नोंदवहीचे. एका पासवर एक खेप, हा नियम. त्या वहीत एकाच पासचा क्रमांक सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पुन्हा पुन्हा लिहिलेला होता. म्हणजे रॉयल्टी एका खेपेची आणि डंपर दिवसभर. गिरणेचे खरवडलेले पात्र आणि काठच्या कोरड्या विहिरी ज्याने पाहिल्या आहेत त्याला या फोटोंचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

“भाऊ, मन्हं नाव कोठेबी येवाले नको,” शेवभाजी एवढेच म्हणाली. मी म्हटले, “नाही येणार.” करार झाला. कागद नाही, सही नाही, साक्षीला तिसरा माणूस नाही.

बातमी आली. वाळूचे काय झाले ते विचारू नका. चौथ्या दिवशी मला मात्र ठाण्यातून फोन आला. सरकारी नोंदी बाहेर फुटल्याची तक्रार दाखल झाली होती आणि साक्षीदार म्हणून माझा जबाब हवा होता. ठाण्याचे नाव लिहीत नाही. तो अधिकारी वाईट माणूस नव्हता, आणि आता तो तिथे नाहीही.

“भाऊ, तुम्ही आरोपी नाही. नाव सांगा, चहा घ्या, घरी जा.”

मी चहा घेतला.

दुपारी त्यांनी डायरी मागितली. पाने उलटता उलटता एका ठिकाणी बोट थांबले. “हे शेवभाजी कोण?”

“साहेब, ढाब्यावर जेवायला गेलो होतो.”

“आणि पुढे तीन लिहिलंय ते?”

“तिघं होतो.”

कोपऱ्यातला हवालदार खाली मान घालून हसला. तो इकडचाच. साहेब बाहेरच्या जिल्ह्यातले असावेत, कारण त्यांनी ते तसेच लिहून घेतले. माझ्या जबाबात आजही कुठेतरी शेवभाजी आहे.

इथपर्यंत गंमत होती. मग त्यांनी मोबाइल टेबलावर ठेवायला सांगितला. पंच म्हणून समोरच्या चहावाल्याला बोलावले. तो माझ्याच दुकानात आधारकार्डाच्या झेरॉक्स काढतो. पंचनाम्यावर सही करताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. फोन पाकिटात गेला, पाकिटाला लाख लागली, वर माझे नाव आणि गुन्ह्याचा नंबर आला. परत मिळायला दीड महिना लागला.

त्या दीड महिन्यात दुकानावरची वर्दळ थांबली. झेरॉक्सवाले येत होते, बाकीचे बंद झाले. भरीत रस्त्यात दिसले की पलीकडच्या कडेने जायचे. फोनमध्ये माझ्या शेवभाजीबरोबर ठेचा होता, भाकरी होती, दहा-बारा वर्षांतले सगळे ताट होते. तपास एका नावाचा होता आणि पाकिटात गेली सगळीच.

आणखी एक झाले. ज्या कार्यालयातून फोटो बाहेर आले असा संशय होता तिथल्या तिघांच्या त्या पावसाळ्यात बदल्या झाल्या. एकाची तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, घरी म्हातारी आई असताना. त्या तिघांत शेवभाजी होती की नव्हती, हे मी आजही सांगणार नाही. पण निदान दोघे तरी उगीच गेले, हे मला ठाऊक आहे. ज्यांनी बदल्या केल्या त्यांना ते कधी कळायचे नाही. नाव सांगितले असते तर ते दोघे वाचले असते, असा विचार मनात आला नाही असे म्हणणार नाही. पुष्कळदा आला. अजून येतो.

आता कायद्याचे बोलू. आपण कायद्याचे पदवीधर आहात, मी झेरॉक्सवाला. चुकलो तर दुरुस्त करावे.

१८७२ च्या पुरावा कायद्यात १२५ वे कलम होते. गुन्ह्याची खबर कुठून मिळाली हे सांगायला दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस अधिकाऱ्याला भाग पाडता येणार नाही, असे ते कलम. त्यातच पुढे महसूल अधिकाऱ्याचीही सोय आहे: सरकारी महसुलाविरुद्धच्या गुन्ह्याची खबर त्याला कुणी दिली हेही विचारता येत नाही. इंग्रज गेले, कलम राहिले. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला तेव्हाही ते राहिले, नंबर तेवढा १३१ झाला. शेजारी १३२ वे कलम वकिलाचे, त्याआधी १२८ वे नवरा-बायकोचे. सगळी आपापल्या जागी योग्यच आहेत. खबऱ्याचे नाव फुटले तर उद्या खबर द्यायला कोण येईल, हे दीडशे वर्षांपूर्वी गोऱ्या साहेबाला कळले होते.

मग त्या दिवशीच्या टेबलाकडे पाहा. वाळूची हीच खबर शेवभाजीने फौजदारांना दिली असती, तर तिचे नाव काढून घ्यायची कुणाची टाप नव्हती. तहसीलदारांना दिली असती तरी नाव सुरक्षित. वकीलपत्र देऊन वकिलाला सांगितली असती तरी सुरक्षित. तिने ती मला दिली आणि म्हणून ती उघड्यावर आली. तिने ती फौजदारांना किंवा तहसीलदारांना का दिली नाही, हा प्रश्न गिरणाकाठी कुणी विचारत नाही.

पत्रकारासाठी कायद्यात काहीच नाही असे नाही. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात १५ व्या कलमाचे दुसरे पोटकलम आहे: बातमीचा स्रोत सांगायची सक्ती करता येणार नाही. पण ते कौन्सिलपुढच्या चौकशीपुरते. ठाण्यात त्याचा कागद दाखवला तर फौजदार तो शांतपणे परत करतात, आणि तेही बरोबरच असते. न्यायालयांचे म्हणाल तर, २७ ऑक्टोबर २०२१ ला पेगाससच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्रोताचे संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची मूलभूत अट मानली. पुढे, जानेवारी २०२३ मध्ये, दिल्लीच्या एका न्यायालयाने सीबीआयचा तपास बंद करण्याचा अहवाल परत पाठवला आणि बजावले की तपास यंत्रणेपुढे स्रोत न सांगण्याची वैधानिक सूट भारतात पत्रकारांना नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अण्णा विद्यापीठाच्या प्रकरणात पत्रकारांचे जप्त केलेले फोन परत करायला लावले. दिल्लीत एक, चेन्नईत एक. आमच्या तालुक्याच्या कोर्टात यातले कोणते लागू व्हायचे? न्यायाधीशांनी थेट विचारले आणि साक्षीदाराने सबळ कारणाशिवाय उत्तर नाकारले तर सात दिवसांपर्यंत कोठडीत टाकायची तरतूद आहे. ‘मी शब्द दिला होता’ हे सबळ कारण आहे की नाही, हे कुठल्या कलमात लिहिलेले नाही.

लिहायला सांगितले होते. न्या. के. के. मॅथ्यू यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १९८३ मध्ये याच एका विषयावर ९३ वा अहवाल दिला आणि पुरावा कायद्यात १३२-अ असे नवे कलम घालायची शिफारस केली: गुप्त ठेवण्याच्या बोलीवर मिळालेल्या माहितीचा स्रोत सांगायला न्यायालयाने प्रकाशित करणाऱ्याला भाग पाडू नये. वीस वर्षांनी, २००३ मध्ये, १८५ व्या अहवालात आयोगाने तेच पुन्हा मांडले. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था असे अपवाद त्यात घातले. पुन्हा वीस वर्षे गेली. डिसेंबर २०२३ मध्ये अख्खा पुरावा कायदाच मोडीत काढून नवा लिहिला गेला. घर पाडून नवे बांधताना एक खिडकी ठेवायला किती विटा लागतात? ती राहिलीच.

उलट एक दार मोठे झाले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ९४ व्या कलमात कागदपत्रांबरोबर आता संवादाची साधने, म्हणजे मोबाइल वगैरे, नाव घेऊन आली आहेत, आणि ती मागवायला ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी आदेश पुरतो. त्याच्या पुढचेच कलम टपालाचे. टपाल खात्याच्या ताब्यातले पाकीट तपासासाठी हवे असेल तर जिल्हाधिकारी किंवा न्यायालयाचा आदेश लागतो. म्हणजे शेवभाजीने तीन फोटो पंचवीस पैशांच्या जुन्या जमान्यातल्यासारखे पाकिटात घालून टाकले असते, तर ते पोस्टाच्या थैलीत असेतोवर जिल्हाधिकाऱ्यांच्या पायरीचे होते. माझ्या खिशात आले आणि ठाण्याच्या पायरीचे झाले.

हे पत्र दिल्लीला न पाठवता आपल्याला लिहिण्याचे कारण आता सांगतो.

मार्च २०२१ मध्ये आपण विरोधी पक्षनेते होता. पोलिसांच्या बदल्यांतल्या कथित दलालीचा अहवाल आणि ६.३ जीबी माहिती आपल्याकडे असल्याचे आपण पत्रकार परिषदेत सांगितले आणि ती केंद्रीय गृहसचिवांकडे नेऊन दिली. अहवाल फुटला कसा, याचा गुन्हा मुंबईच्या सायबर पोलिसांनी शासकीय गुपिते कायद्याखाली नोंदवला. वर्षभराने, १३ मार्च २०२२ ला, पोलीस आपला जबाब घ्यायला ‘सागर’ बंगल्यावर आले. माहितीचा स्रोत न सांगणे हा विरोधी पक्षनेता म्हणून आपला विशेषाधिकार आहे, असे आपण त्या वेळी सांगितलेत. साक्षीदाराला विचारावेत तसे प्रश्न विचारले नाहीत, आरोपी करता येईल असे विचारले, अशी तक्रारही केलीत. मी ते दुकानातल्या टीव्हीवर पाहत होतो. राजकारणात मी आपल्या बाजूचा नाही, विरुद्ध बाजूचाही नाही. पण त्या दिवशी, साहेब, मी शंभर टक्के आपल्या बाजूला होतो. मला ठाण्यातला चहा आठवत होता.

त्याच आठवड्यात, ८ मार्चला, आपण विधानसभेत सव्वाशे तासांच्या चित्रीकरणाचा पेनड्राइव्ह मांडला होता. एका विशेष सरकारी वकिलांच्या कार्यालयातले ते चित्रीकरण होते आणि जळगावच्या मराठा विद्या प्रसारक संस्थेच्या वादात गिरीश महाजनांना अडकवण्याचा कट त्यात दिसतो, असा आपला आरोप होता. वकिलांनी तो नाकारला. खरेखोटे तपासाचे काम. जळगावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पानटपरीवर सगळ्यांचा प्रश्न एकच: कॅमेरा कुणी ठेवला असेल? विधानसभेत बोललेल्या शब्दाबद्दल आमदाराला कोर्टात खेचता येत नाही, घटनेचे १९४ वे कलम त्याला सांभाळते. आपल्या हातात पेनड्राइव्ह देणारा जो कोणी असेल तो निदान एवढे तरी जाणून होता.

धुळ्याचे ताजे घ्या. २१ मे २०२५. विधिमंडळाची अंदाज समिती दौऱ्यावर, आणि गुलमोहर या सरकारी विश्रामगृहाच्या १०२ क्रमांकाच्या खोलीबाहेर माजी आमदार अनिल गोटे ठिय्या देऊन बसलेले. रात्री उशिरा खोली उघडली आणि १ कोटी ८४ लाखांची रोकड निघाली. आपणच विशेष तपास पथक नेमायला लावलेत. पैसे कोणाचे, ते तपासात ठरेल. मला कुतूहल आहे ते बंद दाराबाहेर बसायची खबर लागली कशी, याचे. ती कुणीतरी दिली असणार. गोटे हे गोटे आहेत; त्यांच्या दारात बसून ‘तुम्हाला कुणी सांगितले’ असे दरडावायची हिंमत कुणाची होणार? तीच खबर धुळ्यातल्या एखाद्या पोर्टलवाल्या पोराला मिळाली असती आणि त्याने ती छापली असती, तर पहिला जबाब पैशांचा झाला असता की पोराचा, हे आपल्या खात्यातल्या कुठल्याही जमादाराला विचारून पाहावे.

मोठ्या माणसाला तसे कवच लागतही नाही. जळगाव पालिकेच्या घरकुल योजनेतल्या २९ कोटींच्या घोटाळ्याची तक्रार ३ फेब्रुवारी २००६ ची. तिच्यावर तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांची सही होती. साडेतेरा वर्षांनी, ३१ ऑगस्ट २०१९ ला, धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले, त्यांत माजी मंत्री सुरेश जैन आणि गुलाबराव देवकर होते. पुढे प्रकरण अपिलात गेले. निकालाच्या दिवशी जळगावाहून धुळ्याला गाड्या भरभरून लोक गेले होते. आयुक्तांच्या त्या सहीला दाद दिलीच पाहिजे. पण आयएएस अधिकाऱ्याला सही करता येते. आवक-जावक लिपिकाला येत नाही. त्याच्या सहीची किंमत फार तर बदलीच्या आदेशाइतकी असते. त्याच्याजवळ फक्त एक रसवंती आणि दोन मिनिटे असतात.

२०१४ मध्ये अशा माणसांसाठी संसदेत कायदा झाला होता, जागल्यांच्या संरक्षणाचा. राष्ट्रपतींची सही झाली. लागू करण्याची तारीख काही आजतागायत निघाली नाही.

धुळेकरांना सहा जानेवारी २०१३ आठवत असेल. मच्छीबाजारात दंगल झाली, पोलीस गोळीबारात सहा जण गेले. नंतर खिडक्यांतून, गच्च्यांवरून मोबाइलने घेतलेल्या चित्रफिती बाहेर आल्या. त्यांत काही पोलीसच मोडतोड करताना दिसत होते. त्यावरून सहा पोलिसांना अटक झाली. त्या चित्रफिती नसत्या तर एक बाजू कागदावर कधी आलीच नसती. ज्या खिडकीतून त्या घेतल्या ती खिडकी कुणाची, हे त्या दिवसांत ठाण्यात सांगावे लागले असते तर किती जणांनी मोबाइल बाहेर काढला असता?

आणि त्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, १ जुलै २०१८ च्या रविवारी, भर आठवडी बाजारात काय झाले ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकले. त्या अफवेला स्रोत नव्हता. कुणी कुणाला विचारले नाही, कुणी दोन ठिकाणी फोन केला नाही, कुणी ‘तू स्वतः पाहिलेस का’ असे म्हटले नाही. माझे निम्मे काम हेच असते: सांगणाऱ्याला उलटे प्रश्न विचारणे, दुसरीकडून पडताळणे, आणि नाही पटले तर कागद परत करणे. सांगणारा माझ्याकडे यायचा थांबला, की त्याची गोष्ट थांबत नाही. ती ग्रुपवर जाते.

आता आपले अधिकारी काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, कारण ठाण्यात मला ते ऐकवले गेले. सांगणारा खोटे सांगतो तेव्हा काय?

खरे आहे, सांगतो. या व्यवसायातल्या थोर माणसांनाही सांगितले आहे. केसरी सुरू होऊन जेमतेम वर्ष झाले होते. कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतो आहे अशी पत्रे टिळक-आगरकरांच्या हाती आली, त्यांनी कारभारी बर्वे यांच्यावर टीकेची झोड उठवली, आणि पत्रे निघाली बनावट. १८८२ मध्ये दोघे डोंगरीच्या तुरुंगात गेले. आगरकरांनी त्या १०१ दिवसांवर पुस्तकच लिहिले. म्हणून मी असे कलम मागत नाही की जे खोट्यालाही पोटाशी धरील. ज्याने जाणूनबुजून बनावट कागद दिला त्याला दिलेला शब्द मी मानणार नाही, कायद्यानेही मानू नये. एखादे लेकरू पळवले गेले आहे आणि पळवणाऱ्याचा फोन माझ्याकडे आला, तर नंबर द्यायला मी कोर्टाच्या आदेशाची वाट पाहणार नाही. उठून ठाण्यात जाईन.

दुसरा आक्षेप जास्त झोंबतो, कारण तो आमच्याच घरातला आहे. हातात माइक, गळ्यात ओळखपत्र, आणि बातमी न लावण्याचे पैसे. असे लोक आमच्या जळगाव-धुळे या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. वाळूवाल्यांकडे त्यांची यादी आहे, माझ्याकडेही आहे. त्यांना खंडणीच्या गुन्ह्यात जरूर धरा. आणि ‘विश्वसनीय सूत्रांकडून समजते’ या तीन शब्दांत आम्ही किती आळस लपवला आहे, तेही कबूल. फोन करायचा कंटाळा आला की सूत्र निर्माण होते. पण वकिलांतही लबाड असतात, म्हणून १३२ वे कलम कुणी रद्द करा म्हणत नाही. पत्रकार कोण, हे ओळखपत्रावरून ठरवू नका. बातमी छापली किंवा दाखवली आहे का, ती लोकहिताची आहे का, आणि नाव सांगणार नाही असा शब्द दिला होता का, एवढे न्यायाधीशांनी तपासावे. त्यांनी. फौजदारांनी नव्हे.

हे आपल्या हातात आहे. साक्षीपुरावा आणि फौजदारी प्रक्रिया हे दोन्ही विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. राज्याने दुरुस्ती करावी, राष्ट्रपतींची संमती घ्यावी. ही वाट आपण आधी चालून आला आहात. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा एप्रिल २०१७ मध्ये आपल्याच सरकारने आणला आणि संमती मिळून तो २०१९ मध्ये लागू झाला. असा कायदा करणारे महाराष्ट्र पहिले राज्य. त्याचे पुढे काय होते हा वेगळा विषय. ऑगस्ट २०२३ मध्ये पाचोऱ्यात एका पत्रकाराला रस्त्यात मारहाण झाली तेव्हा राज्यभर पत्रकारांनी त्याच कायद्याच्या प्रतींची होळी केली. तरी कायदा आहे म्हणून निदान होळी तरी करता आली. तो कायदा माझा हात आणि माझा कॅमेरा सांभाळतो. माझी डायरी त्यात नाही.

विधी आयोगाचे १३२-अ तयारच आहे. भाषांतर करून, अपवाद घालून, साक्ष अधिनियमाला महाराष्ट्रापुरती दुरुस्ती म्हणून आणावे. नाव हवेच असेल तर पोलिसांनी सत्र न्यायालयात जावे, गुन्हा गंभीर आहे आणि दुसरा कुठलाच मार्ग उरला नाही हे दाखवावे, आणि माझे म्हणणे बंद खोलीत ऐकले जावे. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९९६ मध्ये गुडविन या ब्रिटिश पत्रकाराच्या खटल्यात साधारण हीच कसोटी घातली. ब्रिटनमध्ये त्याआधी १९८१ पासून कायद्यात कलम आहे.

विधेयकाला वेळ लागतो, मी समजू शकतो. गृहखात्याच्या परिपत्रकाला लागत नाही. तेवढे दिवाळीच्या आत निघाले तरी पुष्कळ: वार्ताहराचा फोन ठाण्याच्या पातळीवर घ्यायचा नाही, अधीक्षकांची लेखी मंजुरी आणि दंडाधिकाऱ्यांचा आदेश असल्याशिवाय नाही, घेतलाच तर गुन्ह्याशी संबंधित तेवढेच पाहायचे, बाकीचे ताट झाकून ठेवायचे, आणि किती दिवसांत परत द्यायचा ती तारीख पंचनाम्यावरच लिहायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्रकारांच्या उपकरणांच्या जप्तीबाबत मार्गदर्शक सूचना हव्यात असे केंद्राला बजावले होते. महाराष्ट्राने त्यासाठी कुणाची वाट पाहायचे कारण नाही.

शेवभाजी अजून नोकरीत आहे. परवा एसटी स्टँडवर दिसली. मी रसाचे दोन ग्लास सांगितले. एक तसाच बर्फ वितळून पाणी झाला. ओळख न दाखवता ती गाडीत चढली, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही असे खोटे लिहिणार नाही.

खुल्या पत्राखाली सही असावी, हे मला कळते. करायला बसलोही होतो. पण माझे नाव आले की तालुका आला, तालुका आला की कार्यालय आले, आणि तिघांच्या बदलीचे आदेश गावात सगळ्यांना तोंडपाठ आहेत. म्हणून नाव-पत्ता संपादकांकडे दिला आहे. त्यांनी मला विचारले, उद्या तुमचे नाव मागायला कुणी आमच्याकडे आले तर काय करायचे? मी म्हटले, त्याचसाठी तर पत्र लिहिले आहे.

कळावे,
आपला,
गिरणाकाठचा एक वार्ताहर
(नाव व पत्ता संपादकांकडे)